सभापती कांद्यावरून उठत नाहीत

कुत्र्यापायी सासरे घर सोडून गेले, असं दुसऱ्या कुणाकडे घडल्याचं मी ऐकलेलं नाही. आमच्याकडे मात्र ते घडायच्या अगदी बेतात होतं, आणि ते टाळण्यासाठी मी जे काही केलं त्याला आमच्या सोसायटीत अजूनही "महेशरावांचा उपक्रम" म्हणतात. म्हणताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर हसू असतं. मी ते मनावर घेत नाही. म्हणजे घेतो, पण दाखवत नाही.

सासरे म्हणजे निवृत्तीआबा आहेर. नाशिक जिल्ह्यातल्या देवळा गावाजवळ त्यांची शेती, कांद्याची चाळ आणि एकट्याचं घर. मागच्या वर्षी आबांच्या छातीत कळ आली तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. कुत्रा भुंकत सुटला, म्हणून शेजारचा फकिरा बघायला आला आणि आबा वाचले. अंजलीने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांना दवाखान्यातून थेट नाशिक रोडला आमच्या फ्लॅटवर आणलं. आबा आले ते एका अटीवर: कुत्रा बरोबर येणार. मी लगेच हो म्हणालो. त्या वेळी त्यांनी बैलजोडी आणतो म्हटलं असतं तरी मी बाल्कनी रिकामी करून दिली असती.

कुत्र्याचं नाव सभापती. बाजार समितीच्या आवारात लहानाचा मोठा झाला म्हणून हे नाव. यात कुणाचा अपमान नाही, असं आबा न विचारता सांगतात. रंग तांबूस, एक कान उभा, एक पडलेला, आणि चाल अशी की त्याला फिरवायला नेणारा माणूस त्याचा पट्टेवाला वाटावा. स्वभाव कमालीचा शांत. ट्रॅक्टर, भोंगे आणि हमालांची आरडाओरड यांत झोपायची सवय असल्याने फटाक्यांची माळ लागली तरी हा डोळा उघडत नाही. खोड एकच. कांदा दिसला की हा त्यावर चढून बसतो आणि कुणाला हात लावू देत नाही. आबांच्या ट्रॉलीत, कांद्याच्या ढिगावर बसून तो बाजारात जायचा आणि मालाची राखण करायचा. "लिलाव झाला का आपला आपण उतरतो," असं आबा कौतुकाने सांगत. सासऱ्याच्या कौतुकाच्या गोष्टी जावई जितक्या लक्ष देऊन ऐकतात, तितक्याच मी ऐकल्या.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या वत्सलाबाईंनी उन्हाळी कांदा भरला. टेम्पोवाल्याने पोती नेमकी लिफ्टच्या दारात ठेवली आणि तो निघून गेला. मी सभापतीला फिरवून आणत होतो. त्याने पोती पाहिली, माझ्या हातातून साखळी सोडवून घेतली आणि वर जाऊन बसला. वत्सलाबाई पुढे आल्या तर त्याने फक्त वरचा ओठ उचलून दात दाखवले. भुंकला नाही, चावला नाही. पण आबा डॉक्टरांकडे तपासणीला गेले होते आणि ते परत येईपर्यंत सगळी सोसायटी जिन्याने चढत राहिली. आबा आल्यावर तो उतरला. कसा, हे विचारण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी नोटीस आली. आमचे चेअरमन रंगनाथ बोरस्ते हे नोकरीतून निवृत्त झाले असले तरी नोटिशीतून झालेले नाहीत. "सदर प्राण्याची महिनाअखेर अन्यत्र व्यवस्था करावी." खाली सही आणि सहीखाली पुन्हा सही.

आबांनी नोटीस माझ्याकडून वाचून घेतली आणि चहाचा कप खाली ठेवला.

"म्हंजे रविवारपर्यंत," ते म्हणाले. "रविवारच्या गाडीनं आम्ही दोघं निघतो. त्याच्याबिगर मी इथं ऱ्हात नाय. लय झालं ऱ्हाणं."

"आबा, तिथे एकटं..." अंजली म्हणाली. ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. ओटा पुसलेला होता तो तिने परत पुसला. आबांची रात्रीची गोळी कोण देणार, पुन्हा कळ आली तर काय, हे प्रश्न ती मला विचारत नव्हती, आणि म्हणूनच मला ते जास्त ऐकू येत होते.

मी बोरस्त्यांकडे गेलो. पाटबंधारे खात्यात इतकी वर्षं फायली हलवलेला माणूस मी. एका नोटिशीला काय भ्यायचं? बोरस्ते म्हणाले, "महेशराव, नियम म्हणजे नियम. आता बघा, पोलिसांचं कुत्रं असतं, त्याला कुणी हरकत घेतं का? समाजोपयोगी प्राणी असता तर समितीनं फेरविचार केला असता."

हा शब्द मी धरून ठेवला. त्याच रात्री अंजलीने मोबाइलवर शोधून काढलं की नाशिकमध्ये एक संस्था आहे, ती वृद्धाश्रमांत आणि दवाखान्यांत शांत स्वभावाची कुत्री घेऊन जाते. आजारी, एकटी माणसं त्यांना कुरवाळतात, त्यांचं मन हलकं होतं. अशा कुत्र्याला थेरपी डॉग म्हणतात. संस्थेच्या तृप्ती मॅडम घरी आल्या, सभापतीचे कान ओढून पाहिले, शेपूट धरून पाहिली, त्याच्या ताटलीत हात घातला. सभापतीने एक मोठी जांभई दिली.

"उत्तम," मॅडम म्हणाल्या. "बुधवारी गंगापूर रोडच्या पुढे एका वृद्धाश्रमात चाचणी घेऊ. एक लक्षात ठेवा. तिथे एकदा जरी गुरगुरला, तरी विषय संपला."

"आणि पास झाला तर?"

"तर दर बुधवारी यावं लागेल. नुसतं कुत्र्याला नाही, त्याच्या माणसालाही."

"मी आहे ना," मी म्हणालो. कांद्याबद्दल मी बोललो नाही. त्यांनी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेल्या मुद्द्यावर खुलासा करायचा नाही हे मला खात्याने शिकवलं आहे.

"म्हंजे हे कुत्रं आता डॉक्टर व्हनार?" आबांनी विचारलं. त्यांना हा सगळा प्रकार पोरखेळ वाटत होता.

बातमी सोसायटीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या गृहस्थांचं मत पडलं की शिकलेलं कुत्रं इंग्रजीशिवाय ऐकत नाही, तेव्हा आजपासून घरात इंग्रजी बोला. दुसऱ्या एकाने दहीभात सुचवला. वत्सलाबाईंनी वैर बाजूला ठेवून दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा दिला. मी पार्किंगमध्ये "सिट, सिट" करत उभा राहिलो. सभापती माझ्याकडे बघत उभा राहिला. शेवटी पाय दुखून मी बसलो आणि वरच्या गॅलरीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

संस्थेला कुत्र्याचं लायसन हवं होतं. लायसनच्या खिडकीवरच्या साहेबांनी विचारलं, "मालक कोण?"

"सासरे."

त्यांनी आबांचं आधार कार्ड पाहिलं. "पत्ता देवळ्याचा. म्हणजे कुत्रा देवळ्याचा. आम्ही नाशिकच्या कुत्र्यांना देतो."

"मग मालक मी आहे असं धरा."

"धरून कसं चालेल? विकत घेतला का? मग दान घेतला असेल. दिल्याचं लिहून आणा."

मी घरी येऊन आबांना हे सांगितलं. आबा खाटेवरून उठून उभे राहिले. "मुलगी दिली, आता कुत्रं बी देऊ?" शेवटी कुत्रा अंजलीच्या नावावर झाला. आबांचा तिच्यावर विश्वास आहे आणि माझ्यावर नाही, एवढं त्या निमित्ताने लेखी झालं. जनावरांच्या डॉक्टरांनी दाखला द्यायला मात्र फार वेळ लावला नाही. सभापतीला हात लावला, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हा शांत आहे. तुम्ही जरा बसा आणि पाणी घ्या."

इथपर्यंत सगळं माझ्या हातात होतं. मंगळवारी संध्याकाळी बोरस्ते आले आणि ते हातातून गेलं.

"आम्ही येतोय उद्या. समिती. फेरविचार करायचा तर प्रत्यक्ष पाहायला नको?"

"साहेब, तिथे शांतता लागते. गर्दी चालत नाही."

"शांततेतच कार्यक्रम करू," बोरस्ते म्हणाले. कार्यक्रम हा शब्द ऐकला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. आपल्याकडे चार माणसं एका जागी जमली की त्यातला एक सूत्रसंचालक होतो, हे मला नवीन नव्हतं.

बुधवारी सकाळी मी गाडी काढली. अंजलीला शाळेत परीक्षेची ड्यूटी होती, तिला येता येईना. आबा येणार नव्हते, पण सभापती त्यांच्याशिवाय गाडीत चढेना, म्हणून त्यांनाही घेतलं. त्यांच्या गोळ्या, पाण्याची बाटली आणि टॉवेल असलेली पिशवी मी हातात धरली होती. समोरून वत्सलाबाई आल्या; चाचणी कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी आबांना पाहिलं, पिशवी पाहिली.

"कुठे निघालात?"

"वृद्धाश्रमात," मी म्हणालो.

वत्सलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या धावत वर गेल्या आणि लाडवांचा डबा घेऊन आल्या. "आबा, तब्येतीला जपा. आम्ही येत जाऊ भेटायला." मी खुलासा करेपर्यंत मागच्या गाडीने हॉर्न दिला आणि मला निघावं लागलं.

आम्ही द्वारका ओलांडली. आबांच्या मांडीवर लाडवांचा डबा, पायाशी कुत्रा. मग खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं, "महेशराव, मला सोडाया चाललात का?"

"अहो आबा! काहीतरीच काय? चाचणी कुत्र्याची आहे."

"कुत्र्याला वृद्धाश्रमात कोन नेतं?"

यावर पटेल असं उत्तर देता येईल का, तुम्हीच सांगा. मी सगळं पहिल्यापासून समजावलं. जितकं जास्त समजावलं तितकं ते खोटं वाटत गेलं, मला स्वतःलासुद्धा. गंगापूर रोडला सिग्नलवर थांबलो तेव्हा आबा म्हणाले, "सोडायचं असंल तर खरं सांगा. मी काय भांडनार नाय. पन अंजीला ठावं हाय का, तेवढं सांगा."

मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो. मला राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि मागचा रिक्षावाला मला कुत्र्यासकट शिव्या देत होता.

वृद्धाश्रमाच्या फाटकावर फ्लेक्स लागला होता. त्यावर बोरस्ते पूर्ण उंचीचे, हात जोडलेले. खाली कोपऱ्यात, एका गोलात, सभापती. "मान्यवरांचा सत्कार सोहळा". आबांनी फ्लेक्सकडे बघितलं, आणि आत यायला साफ नकार दिला. फाटकाजवळच्या बाकावर बसले, डबा मांडीवर घेऊन. "तुमी या जाऊन. मी हितंच. फाटकाच्या भाईर."

तृप्ती मॅडम आत उभ्या होत्या, हातात पेन. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि नजर खाली घातली. हॉलमध्ये स्टेज, टेबलावर चादर, माइक, समई. समोर वीस-पंचवीस आजी-आजोबा सकाळपासून ओळीने बसवलेले. काही पेंगत होते, काही नुसते समोर बघत होते. आश्रमातली माणसं असंच बघतात, मॅडम हळूच म्हणाल्या, कार्यक्रम रोज कुणी ना कुणी करतंच. त्यांच्यात शेवटच्या रांगेत चाकाच्या खुर्चीत एक बारीक म्हातारे होते. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेले.

सत्कार सुरू झाला. सभापतीला ओवाळलं. निरांजन त्याच्या मिशीपाशी गेलं. तो शांत. कपाळावर कुंकू लावलं. शांत. नारळ त्याच्या कानाजवळ फोडला, मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो नारळाचं पाणी चाटत होता. माइक किंचाळला, तेव्हा पहिल्या रांगेतल्या आजी दचकून जाग्या झाल्या, सभापतीने फक्त पडलेला कान थोडा उचलला. शाल पांघरली. बोरस्त्यांचं भाषण झालं; आमच्यापैकी कुणालाही ते सहन होत नव्हतं, पण सभापती ते समोर बसून ऐकत होता. मॅडमच्या पेनाकडे मी चोरून पाहिलं. पेन चांगल्या दिशेने चाललं होतं. मला अंजली दिसायला लागली. नोटीस फाटलेली दिसायला लागली.

"आणि आता," बोरस्ते माइकवर म्हणाले, "आमच्या सोसायटीतर्फे या आश्रमास एक छोटीशी भेट!"

बाजूचं दार उघडलं. आमच्या सोसायटीचे दोन वॉचमन आत आले. त्यांच्या पाठीवर लाल जाळीची पोती होती.

कांदा.

ज्या कुत्र्यावर कांद्यापायी नोटीस काढली, त्याच्याच सत्काराला या माणसाने कांदा आणला होता. मी नंतर विचारलं, तर बोरस्ते म्हणाले, "अहो, सध्या भाव पडलेत, आणि वृद्धाश्रमाला रिकाम्या हाताने जातं का कुणी?" नोटीस त्यांनी काढली होती खरी, पण ती त्यांच्या डोक्यात कधी गेलीच नव्हती.

मी साखळी हाताला दोनदा गुंडाळली. उपयोग झाला नाही. सभापती शालीसकट उठला, मला ओढत स्टेजपर्यंत घेऊन गेला, पोत्यांवर चढला आणि बसला. लोकांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला. टाळ्या पडल्या.

"आता आश्रमाच्या स्वयंपाकीण लंकाबाई ही भेट स्वीकारतील, आणि लगेच गरमागरम कांदाभजी!" बोरस्त्यांनी जाहीर केलं. फोटोवाला पुढे आला. लंकाबाई घमेलं घेऊन पुढे आल्या. सभापतीचा वरचा ओठ हळूहळू उचलला जाऊ लागला.

"थांबा!" मी ओरडलो. "लंकाबाई, जागच्या हलू नका!"

 मॅडमचं पेन थांबलं. अजून गुरगुर नव्हती. नुसते दात होते. दातांबद्दल नियमात काही नव्हतं.

मी हळू आवाजात म्हणालो, "सभापती, उतर." मग बिस्कीट दाखवलं. मग "सिट" म्हणालो, जे तो आधीच करत होता. मग साखळी ओढली, तर तो दुप्पट जड झाला. मग, आता सांगायला लाज वाटते, पण मी त्याला कमरेला धरून उचलायला गेलो. माझा पाय शालीत अडकला आणि मी टेबलाच्या चादरीला धरून खाली आलो. चादरीबरोबर हार, नारळ आणि बोरस्त्यांच्या भाषणाची पानं आली. नशिबाने समई वाचली. खात्यातून पुढच्या वर्षी सन्मानाने निवृत्त होणारा मी, फोटोवाल्याच्या समोर, कुंकू लावलेल्या कुत्र्याच्या पायाशी आडवा पडलो होतो.

"सभापती!" मी पडल्यापडल्याच जिवाच्या आकांताने ओरडलो. "उतर रे! तुझ्या पाया पडतो, उतर! आबा जातील रे!"

"माझ्या कुत्र्यावर कोन वरडतंय?"

आबा दारात उभे होते. फाटक ओलांडून आत आले होते, हातात लाडवांचा डबा. त्यांनी पोती पाहिली, कुत्रा पाहिला, मला पाहिलं. मी काय ओरडलो ते त्यांनी ऐकलं होतं, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं. 

"तुमाला सांगितलं नव्हतं का?" ते म्हणाले. "लिलाव झाल्याबिगर तो उठत नाय. माल इकल्याबिगर राखन सोडंल का तो?"

"मग करा लिलाव!"

"तसा कसा करता येईल?" बोरस्ते मध्ये पडले. "हे दानाचे कांदे आहेत. दानाची विक्री उपविधीत बसत नाही."

"आनि घेनार कोन?" आबा म्हणाले. "खोट्याला तो फसत नाय. बोली लागावी लागती. मानसांनी वरडावं लागतं."

 लंकाबाई घमेलं घेऊन पुतळ्यासारख्या उभ्या. सभापतीचा ओठ तसाच वर. आणि मला त्याच्या छातीत, आत कुठेतरी, गुरगुर तयार होताना दिसत होती.

"हाऊ कुत्रा कोन्हा शे?"

शेवटच्या रांगेतले बारीक म्हातारे बोलले होते. मॅडमनी चमकून तिकडे पाहिलं.

"मना शे," आबा म्हणाले. इतक्या महिन्यांत त्यांना नाशिकात कुणी अहिराणीत विचारलं नव्हतं.

"मंग वरडूत ना. पैसे नाहीत आमच्यापाशी, पन वरडायला काय लागतं?" म्हातारे शेजारच्या आजोबांकडे वळले. "लावा बोली, मास्तर. जे असंल ते लावा."

मास्तर गोंधळले. मग घसा साफ करून म्हणाले, "माझ्या वाटणीचा रविवारचा शिरा."

आबांनी डबा खाली ठेवला. एक पाय पोत्यावर ठेवला. आणि त्या हॉलमध्ये असा आवाज लागला, की बोरस्त्यांनी आपला माइक बंद केला.

"रविवारचा शिराऽऽ! बोला, माल बघा, उन्हाळी माल, गुलाबी माल! शिऱ्याच्या वर बोला!"

"शिरा आणि टीव्हीचा रिमोट, आठवडाभर!" कुणीतरी ओरडलं.

"रिमोट तुझा नाहीच मुळी!" पहिल्या रांगेतल्या आजी उभ्या राहिल्या. "माझी खिडकीजवळची खाट!"

"खाऽऽट लागली, खाट! खाटंच्या वर कोन हाय?"

पेंगणारे जागे झाले. वॉकर पुढे सरकले. एकाने पहिल्या चहाचा कप लावला, दुसऱ्याने सकाळचा पेपर आधी वाचायचा हक्क. दोन आजोबा बागेतल्या एका बाकावरून खरंखरं भांडायला लागले. मघाशी समोर बघत बसलेली माणसं पोत्याभोवती जमली होती, जाळीतून कांदे दाबून बघत होती, नाकं मुरडत होती. सभापतीचा ओठ खाली आला. शेपूट एकदा हलली.

मग ते चाकाच्या खुर्चीतले म्हातारे पुढे आले.

"भिकन माझं नाव. मालेगावला दुकान होतं. कटिंग-दाढीचं," ते आबांना म्हणाले. त्यांनी आबांच्या गालावरची अर्धी वाढलेली, अर्धी उपटलेली पांढरी झाडी नीट न्याहाळली. "ही दाढी कोनी केली तुमची?"

"मीच करतो. हितल्या दुकानात गार हवा सोडत्यात, आन् माझं नाव मोबाइलवर लिव्हून घेत्यात."

"माझी बोली," भिकन म्हणाले. "पुढच्या बुधवारी तुमची दाढी करीन. वस्तऱ्यानं."

 त्यांनी मांडीखालचे हात बाहेर काढले. हात थरथरत होते.

"हातात वस्तरा आला का थांबतात," ते म्हणाले. "कोनी देत नाही, म्हनून थरथरतात."

"आश्रमात वस्तरा? नियमात..." बोरस्ते सुरू झाले.

"थेरपीत बसतं," तृप्ती मॅडम म्हणाल्या. पेन त्यांनी केव्हाच पर्समध्ये टाकलं होतं.

 पुढचा बुधवार रविवारनंतर येत होता. हे मला कळत होतं आणि आबांनाही. मी जमिनीवरून उठायचं विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. आबांनी सगळ्या हॉलवर नजर फिरवली, कुणी वर बोली लावतंय का म्हणून. कुणी लावेना. खिडकीच्या खाटेवाल्या आजींनीसुद्धा मान खाली घातली.

"एक वार," आबा हळू म्हणाले. मग थांबले. त्यांनी सभापतीच्या पाठीवर हात ठेवला. "दोन वार."

भिकन हात पुढे करून वाट बघत होते.

"तीन वार! गेला माल!"

सभापती उठला. अंग झाडलं, शाल खाली पडली. पोत्यावरून उतरून तो सरळ भिकनच्या खुर्चीकडे गेला आणि त्या थरथरत्या हातांखाली त्याने आपलं डोकं घातलं. लंकाबाईंनी घमेलं भरलं. तेव्हा कुठे मी जमिनीवरून उठलो.

आभारप्रदर्शनात बोरस्त्यांनी सांगितलं की कांदा आणण्याची कल्पना मुळात त्यांचीच, या प्राण्याची समाजोपयोगिता त्यांनी पहिल्यापासून ओळखली होती, आणि समितीची नोटीस ते या शुभप्रसंगी मागे घेत आहेत. टाळ्या भज्यांना पडल्या. मॅडमनी मला बाजूला घेतलं.

"कुत्रा पास," त्या म्हणाल्या. "तुम्ही नापास. साखळी ओढली, ओरडलात, घाबरलात. दर बुधवारी आबा घेऊन येतील त्याला. तुम्ही गाडीत बसा."

परतीच्या वाटेवर कुंकवाने माखलेल्या कपाळाचा सभापती मागे झोपला होता. आबांच्या अंगाला भज्यांचा वास येत होता. फोन वाजला. मी गाडी बाजूला घेतली आणि स्पीकर लावला. अंजलीला वत्सलाबाईंनी फोन करून वडिलांबद्दल सांत्वन केलं होतं, तेव्हापासून ती शाळेच्या पायरीवर बसून होती.

"काय झालं?" तिचा आवाज फुटत होता.

"मी नापास झालो," मी म्हणालो.

"आणि आबा? आबा रविवारी..."

"आबांना बुधवारी दाढी करायची आहे. आश्रमात."

 तिने भीत भीत विचारलं, "म्हणजे एकच बुधवार थांबणार?"

मी आबांकडे पाहिलं. आबांनी फोनकडे तोंड नेलं आणि लांबच्या माणसाशी बोलावं तसे ओरडले, "अगं अंजे, दाढी काय एकदाच वाढती का?"

पलीकडून रडण्याचा आवाज आला.

"आता हिला काय झालं?" आबांनी मला विचारलं. मला सांगता आलं नाही, कारण मलाही तेच झालं होतं.